दीड वाजताची विंडो

चष्म्याच्या दुकानात काउंटर दाराच्या बरोबर समोर, मधोमध असावा, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. आत येणारा प्रत्येक जण आधी पोटाने त्याच्यावर आदळतो आणि मग नमस्कार करतो. दादांच्या दुकानात तो तसाच आहे. चार वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा ताई म्हणाल्या, काउंटर डावीकडे घेऊ. दादा म्हणाले, उजवीकडे. आठवडाभर सख्ख्या बहीणभावांनी घसा कोरडा करून घेतला आणि मग बोलणंच टाकलं. काउंटर राहिला मध्ये.

ताई बासष्टच्या, दादा अठ्ठावन्नचे. सगळी गल्ली त्यांना याच नावांनी ओळखते, त्यामुळे मीही. ताई सकाळी नऊ ते दीड डोळे तपासतात आणि नंबर काढतात. दादा दीड ते आठ काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. दीड वाजता ताई पुढच्या दाराने बाहेर पडतात आणि दादा मागच्या दाराने आत येतात. चुकून दोघं अर्धा मिनिट एकत्र सापडलेच, तर दोघंही घड्याळाकडे असं बघतात की वाटावं, गाडी लागलीय. चिठ्ठी ठेवायची सोय नाही, कारण चिठ्ठी लिहिणं म्हणजे बोलणंच झालं. ताई संगणकावर नंबर भरतात, दादा तो वाचून काच बनवतात. तो प्रोग्राम मी लिहिलेला आहे. म्हणजे या दोन हट्टी माणसांमधला एकमेव बोलका प्राणी माझ्या पोटचा, असं म्हणायला हरकत नाही.

दादांची खासियत अशी की अख्ख्या गल्लीच्या नाकावर चष्मा चढवला, स्वतःच्या नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एक प्रयोग फुकट. ते गिऱ्हाइकाला काउंटरपुढे उभं करायचे, त्याच्या कानामागे फ्रेमची दांडी बसवता बसवता म्हणायचे, "अठ्ठावन्न पूर्ण. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवू?" आणि काचेच्या दारातून बाहेर बघत खडाखडा दहा आकडे म्हणायचे. गिऱ्हाईक भारावून जायचं. मीही भारावले होते. मला चाळिशीतच चष्मा लागला, तोही याच दुकानातून.

आता माझ्या प्रोग्रामबद्दल. तो बंद करताना त्याची मुख्य विंडो केवढी होती, पडद्यावर कुठे होती, कुठलं पान उघडं होतं, रकाने किती रुंद होते, अक्षरं किती मोठी होती, हे सगळं तो एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुन्हा उघडला की जिथे सोडला होता तिथून सुरू. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तीन आठवडे घातले होते, आणि ज्याला त्याला ते सांगून जीव नकोसा केला होता. देवाने माणसाला एवढी सोय दिली असती, तर चष्मा कुठे ठेवला म्हणून घर डोक्यावर घ्यावं लागलं नसतं.

पण इथे उघडणारे दोघं आणि फाइल एक. मग तक्रारी सुरू झाल्या, त्याही फोनवर आणि माझ्याकडेच.

"अगं, मी विंडो डावीकडे ठेवते," ताई म्हणायच्या. "सकाळी येऊन बघते तर उजवीकडे जाऊन बसलेली. रोज ओढून आणायची का मी?"

काउंटरचं भांडण पडद्यावर चालू होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी हसले आणि फोन ठेवला. तासाभराने दादा.

"मॅडम, ही अक्षरं बघा. दिवसेंदिवस वाढतायत. हे चष्म्याचं दुकान आहे की पाट्या रंगवायचं?"

"मग लहान करा ना. वर बटण आहे."

"मी का करू? ज्यांनी मोठी केली त्यांनी करावी."

असं दोन वर्षं चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. एका दुपारी गेले आणि दोघांना दोन वेगळी नावं दिली. ताईंच्या नावाने उघडलं की ताईंची मांडणी, दादांच्या नावाने उघडलं की दादांची. दोघांनाही कोरी सुरुवात करून दिली: विंडो मधोमध, अक्षरं नेहमीची. काम तासाभराचं. घरी जाताना मला वाटत होतं की चार वर्षांचा कौटुंबिक तंटा मी एकटीने मिटवलाय आणि कुणीतरी माझा सत्कार करायला हवा.

सत्कार तिसऱ्या आठवड्यात झाला. दादांचा फोन.

"मॅडम, तुमचा प्रोग्राम आकडे बदलतो."

"प्रोग्राम आकडे बदलत नाही, दादा."

"शाळेच्या मुख्याध्यापिकेला साडेतीनच्या जागी साडेआठचा चष्मा गेला. तिला पायरी दिसेना, अख्ख्या शाळेसमोर धडपडली. परवा त्या दाताच्या डॉक्टरचं तेच. नशीब, त्याने दात काढायच्या आधी चष्मा काढला. आता तिसरा चुकला तर या दुकानात कुत्रं फिरकणार नाही. वडिलांनी चाळीस वर्षं चालवलंय हे. महिनाअखेरीला तुमचा प्रोग्राम बंद, मी वहीवर येतो."

वहीवर येतो म्हणे. मी रात्रीचा दिवस करून लिहिलेला प्रोग्राम, आणि हे वहीवर येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच दुकानात थडकले, काउंटरवर पोट आपटून घेतलं आणि ताईंना बाजूला सारून नोंदी उघडल्या. मुख्याध्यापिका: साडेतीन. डॉक्टर: तीन. दोन्ही आकडे स्वच्छ, ताईंनी भरले तसेच. म्हणजे चूक वाचणाऱ्याची.

मला एक घाबरट सवय आहे. प्रोग्राम बंद होताना मांडणीची फाइल लिहितो, तेव्हा तारीख-वेळ घालून तिची एक प्रत बाजूला ठेवायला मी त्याला सांगितलंय, न जाणो कधी लागली तर. दोन वर्षांच्या प्रती तिथे पडून होत्या. मी सहज चाळायला घेतल्या. दुपारी दीडची प्रत: विंडो डावीकडे. रात्री आठची: उजवीकडे. दीड, डावीकडे. आठ, उजवीकडे. दोन घोडे एक गाडी ओढतायत, तोंडं विरुद्ध दिशेला. पण अक्षरांचा आकडा वेगळंच काही सांगत होता. तो फक्त दीड वाजता बदलायचा. शंभर टक्क्यांचे एकशे दहा, चार महिन्यांनी सव्वाशे, मग एकशे चाळीस, दीडशे. आणि जे दादा गल्लीभर या अक्षरांच्या नावाने शंख करत होते, त्यांनी आठ वाजता ती एकदाही कमी केलेली नव्हती. एकदाही नाही.

मग मी ताईंची नवी, वेगळी फाइल बघितली. अक्षरं शंभर. मी दिली तशीच, तीन आठवडे हातही लावलेला नव्हता.

"ताई, तुमची अक्षरं आता लहान आहेत."

"मला लहानच लागतात." त्या काच पुसत होत्या.

"मग दोन वर्षं मोठी कुणासाठी केलीत?"

त्यांनी काच उजेडात धरून बघितली आणि परत पुसायला घेतली. "त्याला दिसत नाही. उजव्याने तर जवळजवळ नाहीच. म्हणून तर मी विंडो डावीकडे सारायचे. पाटी वाचून दाखवतो ना सगळ्यांना? जा, बघून ये."

मी दाराशी गेले. समोरच्या पाटीवरचा नंबर दादा म्हणायचे तो नव्हताच. पाटी नवी होती, दोन वर्षांपूर्वी बदललेली. मी स्वतः तिच्याखालून शंभरदा गेले असेन, चष्मा लावून.

"मग त्यांना सांगायचं ना, ताई."

"कसं सांगू? बोलत नाही मी त्याच्याशी." सोमवारी दुकान बंद असतं, हे सांगावं तशा सुरात.

"निदान मला तरी."

"तू कुठे विचारलंस? आलीस आणि वेगळं करून गेलीस. मला वाटलं, त्यानेच सांगितलं असेल तुला. नको झालं असेल त्याला माझं."

कुणी थोबाडीत मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं. शहाणपणा करायला गेले होते मी, सत्काराची वाट बघत होते.

दीड वाजले. ताई पुढून गेल्या. मी तिथेच ठाण मांडून बसले. दादा मागच्या दाराने आले, शर्ट झटकला, संगणकापुढे बसले, आणि आकडा वाचायला त्यांनी मान उजवीकडे वळवून डावा डोळा पडद्याला टेकवायचा तेवढा बाकी ठेवला.

"दादा, अक्षरं मोठी करून देते."

"नको. मला सगळं दिसतं."

"समोरची पाटी वाचा."

त्यांनी दहा आकडे म्हटले.

"तो नंबर दोन वर्षांपूर्वीचा आहे."

दादांनी खिशातला कंगवा काढला, बघितला, परत ठेवला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मला माहीत होतं ती वाढवते ते," ते म्हणाले. "दीडला उघडलं की आधी तेच बघायचो. आज किती केलीत. वाढली की कळायचं, तिने मला कुठेतरी काहीतरी चुकताना बघितलंय. लाज वाटायची. पण बरंही वाटायचं, मॅडम. खोटं कशाला बोलू."

"मग बोंब कशाला मारत होतात?"

"बोंब मारली नसती, तर मला ती लागतात हे कळलं असतं ना सगळ्यांना." मग ते जरा हळू म्हणाले, "त्या दिवशी उघडलं तर सगळं बारीक. मला वाटलं, तिने सोडलं. चार वर्षं झाली, कंटाळली असेल. म्हटलं, संपलं आता आपलं."

"ते मी केलं, दादा. त्यांनी नाही."

"हो का," ते म्हणाले, आणि संगणकापुढची खुर्ची माझ्यासाठी रिकामी केली. मग म्हणाले, "पहिल्यासारखं करून द्या."

दहा मिनिटांत मी माझी कारागिरी उपटून टाकली. दोन नावं गेली, पुन्हा दोघांत एक फाइल. त्यांच्या डोळ्याला मात्र माझ्याकडे बटण नव्हतं. निघताना त्यांनी विचारलं, "सकाळी गर्दी किती वाजता कमी असते?" म्हणजे बघा, स्वतःच्या दुकानाची चौकशी बाहेरच्या बाईकडे.

"अकरा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी मुद्दाम तिथे होते, प्रोग्राम तपासायचं निमित्त करून. दादा पुढच्या दाराने आले. गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूने येत असावेत, कारण ते काउंटरवर पोटाने असे आदळले की फ्रेमचा स्टँड हलला. ओळीत दोन माणसं होती. त्यांच्यामागे खुर्चीत जाऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवून. ताईंनी त्यांना बघितलं आणि आधीच्या दोघांचे डोळे नेहमीपेक्षा जास्तच सावकाश तपासले.

"पुढचे," ताई म्हणाल्या.

तपासायच्या कोपऱ्यातला पडदा आखूड आहे, त्यामुळे सगळं दिसतं. दादा खुर्चीवर बसले. समोर अक्षरांचा तक्ता. तो तक्ता दादांनी स्वतः टांगलाय, रोज पुसलाय. शेवटच्या ओळीचं शेवटचं अक्षरसुद्धा त्यांना तोंडपाठ आहे. मला वाटलं, झालं, आता पाटीचा नंबर म्हणतात तसा हाही खडाखडा म्हणतील आणि उठून जातील.

"डाव्यावर हात ठेव," ताई म्हणाल्या. "वाच."

दादांनी हात ठेवला. मान पुढे काढून तक्त्याकडे बघितलं.

"वरची ओळ," ताई म्हणाल्या.

"दिसत नाही."

"तिच्या वरची?"

"एकही दिसत नाही, ताई."

ताईंनी तोंड फिरवलं आणि ड्रॉवरमध्ये काचा शोधायला लागल्या. त्या काचा त्यांच्या हातातच होत्या. मग दुसरा डोळा, बॅटरीचा उजेड, वर बघ, खाली बघ. कामापुरतं बोलणं, त्याहून एक शब्द जास्त नाही. "झालं. पुढचे," त्या म्हणाल्या. पुढे कुणीच नव्हतं, मी सोडून.

दीड वाजता दादा मागच्या दाराने नेहमीसारखे आले आणि त्यांनी प्रोग्राम उघडला. विंडो डावीकडे होती. पान त्यांच्याच नावाचं उघडं होतं. अक्षरं दोनशे केलेली, मला दारातूनही वाचता येत होती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: उजव्यात मोतीबिंदू, पिकलाय. गुरुवारी दहाला डॉक्टर. दुकान बंद ठेवू. मी बरोबर येते.

दादांनी ते किती वेळा वाचलं ते मला माहीत नाही, मी निघून आले. पण माझी सवय काही जात नाही. दुसऱ्या दिवशी मी आदल्या रात्रीची आठची प्रत उघडून बघितली. पान तेच होतं, अक्षरं दोनशेच. विंडो डावीकडे होती.