रेबेकाचा लाल ठिपका

शांतवन भिंगारदिवेच्या हातचं यंत्र ओळखायचं असेल तर मागच्या पत्र्याचा खालचा स्क्रू बघायचा. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका असतो. ठिपका तडकला असेल तर मधे कुणीतरी बोटं घातली, असा त्याचा अर्थ. मग शांतवन त्या यंत्राला हात लावत नाही, मालक कितीही मोठा असो. एका भजनी मंडळाच्या अध्यक्षाला त्याने असाच तडकलेला ठिपका दाखवून ॲम्प्लिफायरसकट दारातून माघारी धाडलं होतं. अध्यक्ष अजून त्याच्याशी बोलत नाहीत, आणि शांतवनचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

ठिपका लावायचं काम मात्र त्याचं नव्हे, त्याच्या बायकोचं. रेबेका लग्न होऊन नेवाशाजवळच्या या गावात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत नेलपॉलिशची एक बाटली होती. सासू म्हणाली, "असली थेरं हितं चालायची न्हाईत." झालं, बाटली नवऱ्याच्या अवजारांच्या खणात जाऊन पडली आणि तिथेच कामाला लागली. पुढे बाटल्या बदलल्या, रंग तोच राहिला. दुरुस्ती झाली की रेबेका हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. मेकॅनिकचे कान यंत्राजवळ बसून बसून फसतात, लांबचं माणूस खरं सांगतं, असं शांतवनचं ठाम मत. तो विचारायचा, "कसंय?" ती क्षणभर मान कलती करून ऐकायची आणि म्हणायची, "साफ हाय." मग हात पुसून ठिपका. आवाज खराब असेल तर तसंही ती तोंडावर सांगायची, आणि शांतवन चडफडत पुन्हा पत्रा उघडायचा. चाळीस वर्षं त्या घरातून एकही यंत्र तिच्या 'साफ हाय'शिवाय बाहेर पडलं नव्हतं.

त्या सगळ्या यंत्रांत शांतवनचा जीव अडकला होता तो चर्चच्या गिटारच्या ॲम्पमध्ये. मिशनच्या कुणा साहेबाने मायदेशी जाताना तो मागे ठेवला होता. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, वजनाला पोत्याएवढा. सुरू केला की व्हॉल्व्हच्या पोटात तांबूस उजेड धरायचा आणि मिनिटभराने आवाज यायचा. नवीन पोरांना तेवढाही धीर नव्हता. पण जस्टिनला होता. जस्टिन चर्चमध्ये गिटार वाजवायचा, आणि सोल्डरिंग शिकला होता शांतवनच्याच टेबलावर. "माझ्यामागं ह्यो संभाळील," असं शांतवन चारचौघांत सांगायचा.

पंधरा दिवसांपूर्वी शांतवनने ॲम्प दुरुस्त करून दिला आणि लगेच त्याला हमिंग धरलं. जाड, एकसुरी घूं. जस्टिनलाही कारण सापडेना. दोन रविवार मंडळींनी ते सोसलं. तिसऱ्या रविवारी सुगीची उपासना होती, आणि पाळकसाहेबांना वेदीपुढच्या उसा-भोपळ्यांत घूं नको होती. जस्टिन बहिणीच्या साखरपुड्याला पुणतांब्याला गेलेला. म्हणून चर्चची झाडलोट करणाऱ्या सूर्यभानने ॲम्प हातगाडीवर घातला आणि सोमवारी थेट शांतवनच्या ओट्यावर आणून टेकवला.

"काका, लोकं म्हणत्यात, दुरुस्तीनंच बिघाडलं."

"कोण लोकं?"

सूर्यभानने हातगाडी वळवली. शांतवनला ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं. त्याच्या दुरुस्तीवर आजवर असं कुणी बोललं नव्हतं.

मंगळवारी सकाळी न्याहारी झाल्यावर तो बसला. आधी गिटारची पिन काढून पाहिली. हमिंग कायम, म्हणजे गिटार निर्दोष. व्हॉल्यूम शून्यावर नेला, हमिंग बंद. म्हणजे मागचा पॉवरचा भागही ठीक, आजार पुढे, पहिल्या व्हॉल्व्हच्या आसपास. ॲम्प बंद करून, निवू देऊन त्याने तो व्हॉल्व्ह काढला, दुसरा चांगला लावला. हमिंग तसंच. मग राहिली आतली वायरिंग. ॲम्प पुन्हा बंद करून, आतला उरलेला करंट उतरवून त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. डावा हात सवयीने खिशात घातला, कारण दोन्ही हात आत घालणारा मेकॅनिक म्हातारा होत नाही, हे तो जस्टिनला पहिल्या दिवशी शिकवून चुकला होता.

खालच्या स्क्रूवर ठिपका होता, अखंड. पण फिरवला तेव्हा वरचा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली, खाचेत, आणखी एक लाल थर दिसला. तो तडकलेला होता.

शांतवनने चष्मा पुसला. पत्रा उघडला.

आत त्याचं काम नव्हतंच. तो वायरी मेणबत्तीचं मेण चोळलेल्या गादीच्या दोऱ्याने बांधायचा, दर अंगठाभर अंतरावर एक गाठ. इथे प्लॅस्टिकचे काळे पट्टे होते. त्याचे सोल्डरचे जोड ज्वारीच्या दाण्याएवढे. हे मोहरीएवढे, चकचकीत, नीटस. कोपऱ्यात त्याच्या हातचा एक जुना जोड काढायचा राहून गेला होता. करडा, मेलेला, हललेल्या हाताचा. असला जोड चरचरतो. शांतवन त्या जोडाकडे बराच वेळ बघत राहिला. तो आपलाच आहे हे त्याला नाकारता येईना.

मोहरीएवढे जोड कुणाचे, हे विचारायची गरज नव्हती. त्यानेच घासून घासून जस्टिनकडून तसे करून घेतले होते. पण जस्टिनकडे नेलपॉलिश नव्हतं. ती बाटली या घरात होती, खणात, आणि खणाची किल्ली रेबेकाच्या कमरेला.

हमिंग सापडायला मग वेळ लागला नाही. जस्टिनने नेटकेपणाच्या नादात पहिल्या व्हॉल्व्हची बारीक वायर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरींसोबत एकाच पट्ट्यात आवळली होती. हीटरच्या वायरींतून वीज घुमते आणि शेजारी येईल त्याला आपला सूर चिकटवते. शांतवनने पट्टा कापला, बारीक वायर वेगळी करून आडवी नेली, दोऱ्याने बांधली. कोपऱ्यातला तो मेलेला जोडही पुन्हा केला. ॲम्प लावला. घूं गेली. दुसरी कुठली वेळ असती तर त्याने रेबेकाला हाक मारून चहा मागितला असता.

त्याऐवजी त्याने टाकाऊ व्हॉल्व्हचा डबा काढला. त्यात एक व्हॉल्व्ह होता, दहा वर्षांपूर्वी त्याने स्वतः बाद केलेला. चिठ्ठीवर त्याचंच अक्षर होतं: 'सतत चरचर'. ॲम्प पुन्हा बंद करून त्याने तो चांगल्याच्या जागी बसवला, सुरू केला आणि वाट पाहिली.

काहीच आलं नाही. स्वच्छ शांतता.

दहा वर्षांत व्हॉल्व्ह बरा झाला असेल, असं क्षणभर त्याने मनाला समजावून पाहिलं. मग स्पीकरच्या कागदावर बोटाचं टोक टेकवलं. बोटाला बारीक बारीक टोचत होतं. चरचर तिथेच होती. त्याच्या कानापर्यंत येत नव्हती.

"रेबेका!" त्याने हाक मारली. "ऐक गं जरा."

ती दारात आली. हाताला पीठ. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी मान कलती करून उभी राहिली. तिच्या भुवया पटकन आक्रसल्या, आणि लगेच सरळ झाल्या. तिला ऐकू आलं होतं. शांतवनने स्पष्ट पाहिलं.

"कसंय?"

"साफ हाय," रेबेका म्हणाली.

शांतवनने ॲम्प बंद केला. चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने वाचली आणि ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

"दोन वर्सं झाली." ती बोटांचं पीठ सोडवत राहिली. "गुड फ्रायडेला तुमी दुरुस्त केलेला माईकचा सेट समद्या उपासनेत चरचरत हुता. मागच्या बाकावरची पोरं हसली. शांतवनकाकाचे कान गेले, म्हनली. तुमी पुढं बसून मान डोलवत हुता. मला बघवलं न्हाई वो. घरी आल्यावर जस्टिनला बोलावलं."

"आन तवापासनं काय काय त्याच्याकडं गेलं?"

रेबेकाने खणाकडे पाहिलं.

"रेबेका, काय काय?"

"समदंच."

"आन ठिपका?"

"मीच लावायची, पुन्यांदा. त्येनं तुमच्या माघारी आनून दिलं की."

शांतवनला राग आला, असं म्हणणं फार थोडं झालं. दोन वर्षं लोकांनी त्याला वाखाणलं होतं आणि त्याने ते खुशाल घेतलं होतं. सगळं जस्टिनचं होतं. मुख्य म्हणजे कुणी शत्रूने फसवलं असतं तर त्याने त्याची गावभर शोभा केली असती. इथे फसवणारी बाई त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी वाढत होती, आणि वाढताना विचारत होती, आज काम कसं झालं.

"नाव ऱ्हावं तुमचं, म्हनून केलं," ती म्हणाली. "तुमाला कामाबिगर बघायची छाती न्हाई माझी."

"मग मला सांगायचं. मी ऐकायला दुसरं कुनीतरी बशिवलं असतं. काम तर माझं ऱ्हायलं असतं." त्याने चिठ्ठी व्हॉल्व्हच्या डब्यात टाकली. "अगं, समद्या दुनियेत मी तुझ्या एका सबदावर यंत्र बाहेर काढत हुतो."

रेबेका रडली. इतर वेळी तो उठला असता. त्या दिवशी उठला नाही. त्याने चांगला व्हॉल्व्ह परत बसवला, पत्रा लावला, स्क्रू आवळले. रेबेकाने डोळे पुसून खणातून बाटली काढली आणि ती घेऊन उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे," शांतवन म्हणाला.

पण एक गोष्ट त्याला आता काही सुचू देईना. हमिंग गेलं, ते त्याच्या कानांनी त्याला सांगितलं होतं. चरचर गेली की नाही, ते कोण सांगणार? तो मेलेला जोड त्याने पुन्हा केला होता. हात हलला होता का? चार दिवस तो रेबेकाशी कामापुरतंच बोलला आणि हाच हिशेब मनात करत राहिला. बायकोचा शब्द गेला. राहिला जस्टिन. तोही सामील होता, पण तरणा होता, आणि त्याला या टेबलावर खोटं शिकवलं नव्हतं. समोरासमोर विचारलं तर सांगेल, असं शांतवनने धरलं.

रविवारी तो उपासनेच्या अर्धा तास आधी पोचला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे रचले होते. शनिवारी सूर्यभानने परत नेलेल्या ॲम्पजवळ जस्टिन गिटार लावत होता. त्याची नजर ॲम्पच्या मागे गेली. ठिपका नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

"हमिंग तुझं हुतं," शांतवन म्हणाला. "बारीक वायर हीटरसंगं बांधली हुतीस. पुन्यांदा बांधू नगं."

"काका, मी..."

"त्ये ऱ्हाऊ दे. रागवाया आलो न्हाई." शांतवनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे वाक्य तो चार दिवस घोकत होता. "चरचर मला ऐकू येत न्हाई. मंगळवारी कळलं. आतला एक जोड म्या केलाय. तू ऐक आन सांग. वाईट असलं तरी सांग. मी हितंच उघडतो, तुझ्याकडून करून घेतो, लाज न्हाई मला. पर खरं सांग."

जस्टिन खाली वाकला. कान स्पीकरला लावला. बराच वेळ लावला. बाकांवर माणसं येऊन बसू लागली होती. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, रेबेका डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

जस्टिन सरळ झाला. आणि तोंड उघडायच्या आधी त्याने रेबेकाकडे पाहिलं.

"साफ हाय, काका," तो म्हणाला.

ते खरंही असेल. देव जाणे. शांतवनने मान हलवली, त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पाळकसाहेबांनी वरूनच हात उंचावून त्याला शाबासकी दिली. सूर्यभानने वळून बघत हसून दाखवलं. मंडळी उभी राहिली, गिटार वाजू लागली, गाणं सुरू झालं. शांतवनही उभा राहिला. चरचर होती की नव्हती, हे अख्ख्या चर्चमध्ये फक्त त्याला एकट्याला ठाऊक नव्हतं.