कोण शिवलं?

चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात सासूबाईंचं सोवळं अजून कडक आहे. पाळी आली की चार दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. इतकी वर्षं ते निभावलं. खरं सांगायचं तर तेवढाच आराम. पण यंदा उन्हाळ्यापासून माझं रक्त थांबेचना. महिनोन् महिने बाजूला कशी बसणार? मग मी सांगणंच सोडून दिलं. रोज स्वयंपाक करत होते, देवाजवळ दिवा लावत होते, आणि सासूबाई माझ्या हातचं चवीनं जेवत होत्या. त्यांनी आमटीचं कौतुक केलं की मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. नवऱ्याला नुसता थकवा आहे म्हणून सांगितलं. डॉक्टरचं तर नावच नको. या वयात हे काय, याचीच लाज.

जामबागच्या शाळेत मी गणित शिकवते. एका दुपारी स्टाफरूममधून उठले आणि खुर्चीवर डाग. पाहिला तो शेजारी बसणाऱ्या तेलुगू बाईंनी. त्या ख्रिस्ती. इतरांचं लक्ष जायच्या आत त्यांनी आपली ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली आणि खुर्ची पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कब से चल रा मैडम?"

सांगितलं. घरी लपवलंय तेही सांगितलं.

बस स्टॉपवर त्यांनी मला बायबलातली गोष्ट ऐकवली. बारा वर्षं रक्त जाणारी एक बाई. तिचा विटाळ होतो म्हणून लोकांपासून दूर राहिलेली. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याचा काठ शिवते आणि रक्त थांबतं. मी चिडलेच. तिचं थांबलं, छान झालं, माझं असं कुठला काठ शिवून थांबणार नाही, म्हटलं.

"रुकना छोड़ो मैडम. वो पलट के पूछे, मेरे कू कौन छुआ?"

चारचौघांत विचारायची काय गरज होती, मी म्हटलं. बिचारी गुपचूप घरी गेली असती.

"गुपचुप जाती तो बाद में भी छुपतीच रहती ना? सब के सामने बोली वो, काँपते काँपते. और सब के सामने उसकू बेटी बोले."

"कोण शिवलं?" आमच्या घरातही विचारतात. त्यानंतर कुणाला तरी डोक्यावरून आंघोळ करावी लागते. हा प्रश्न मायेनं विचारता येतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गोष्टीतल्या त्या बाईच्या हातचा विटाळ येशूला व्हायला हवा होता. झाला नाही. चमत्कार मला तिथे दिसला.

तरी मी गप्पच राहिले. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी सवाष्णी बाहेरच्या खोलीत जमल्या होत्या. सासूबाई सोवळं नेसून सकाळपासून पुरणावरणाचं करत होत्या. त्यांनी नैवेद्याचं ताट वाढलं आणि म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत गं. यंदा नैवेद्य तू दाखव."

मी दारातच थांबले.

"आई, मला नका सांगू. उन्हाळ्यापासून माझं थांबतच नाहीये. आणि मी रोज सगळ्याला शिवलेय."

बाहेरच्या बायका वळून दाराकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं.

"उन्हाळ्यापासून? आणि डॉक्टर?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्या हात पुढे करून माझ्याकडे आल्या.

आणि मी मागे सरकले. "आई, शिवाल!" केवढ्यानं ओरडले. हे सगळं सासूबाईंचं खूळ, मी आपली त्यांच्यासाठी पाळते, असंच मी मनाशी धरून चालले होते. मागे सरकले ती मात्र मी. खुर्चीवरच्या त्या डागाचीही मला इतकी लाज वाटली नव्हती.

त्यांनी सोवळ्यातच माझं मनगट धरलं.

"नैवेद्य तुम्ही दाखवा गं," त्या बाहेरच्या बायकांना म्हणाल्या. "आम्ही दवाखान्यात चाललो."