सत्त्याण्णवच्या पुढे

दहा लाख एक या संख्येनं माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं पुढे सासरच्या माणसांनीही खाल्लं नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असेल. मी कुरुंद्याला नववीत होते. हिंगोलीत गणिताचं प्रदर्शन भरणार होतं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कबूल केलं होतं, तिथं पहिली आलीस तर दहावीनंतर तुला हिंगोलीला सायन्सला टाकतो, नाहीतर शिक्षण बस. म्हणून मला एक मोठी मूळ संख्या हवी होती, एक आणि स्वतःखेरीज कशानंच भाग न जाणारी. १०००००१ दिसायलाच देखणी, दोन्ही टोकांना एक आणि मधे नुसती शून्यं. तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, यांतल्या कशानंही भागा, बाकी दोनच. ही मूळच असणार, असं मी धरून चालले.

सरांनी शिकवलं होतं, शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग गेला नाही की संख्या मूळ. कागद पुरेनात, म्हणून सारवलेल्या अंगणात कोळशानं भागाकार मांडत गेले. सत्त्याण्णवला बाकी अठ्ठावीस उरली. शंभरावरच का थांबायचं, हे काही मला पटत नव्हतं. पुढच्या एकशे एकनं भागून बघावं म्हणून सरसावले, तेवढ्यात माय शिजवलेल्या हळदीचं टोपलं घेऊन आली.

"ऊठ. हळद वाळू घालायची हाय. अंगण काय तुझ्या आकड्यासाठी सारवलं व्हय?"

"माय, एकच राहिलाय."

"तुझा एकच कवाच संपत न्हाई."

माझ्या भागाकारांवर वाफाळती हळद पसरली. सरांना विचारलं तर ते म्हणाले, शंभरापर्यंत झालं ना, मग झालं. मी तक्ता रंगवला.

हिंगोलीला परीक्षक बाईंनी तक्ता वाचला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, १०१ × ९९०१. मला रडूच फुटलं. अगदी पुढचीच संख्या! बाई म्हणाल्या, "शंभराचा नियम दहा हजारांच्या आतच चालतो. तुझ्या संख्येसाठी हजारापर्यंत जायला हवं होतं." सर तक्ता गुंडाळायला लागले. मला त्यांचा इतका संताप आला की परतताना एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

घरी अंगणात अजून हळदच होती. मी ओट्यावर ९९०१ मांडला. हा दहा हजारांच्या आतला, म्हणजे इथं सरांचा नियम बरोबर. दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत सगळं परत केलं. कशानंच भाग गेला नाही. ही खरोखरची मूळ संख्या होती आणि ती मी सिद्ध केली होती. आबांना हाताला धरून आणलं.

"आबा, ही बघा. ही खरी हाय."

आबांनी सगळा ओटा नीट पाहिला. "बराबर असंल पोरी," ते म्हणाले. "पर परदर्शन तर होऊन गेलं की."

दहावीनंतर मी घरीच राहिले. लग्न होईपर्यंत दर हंगामाला त्याच अंगणात हळद पसरायचे आणि पसरता पसरता मनात दहा लाख एकला एकशे एकनं भागायचे. दरवेळी पुरा भाग जायचा.