साखर न घालणारी अलफिया

आमच्या शाळेच्या आनंदमेळाव्यात सगळी मुलं वडापाव विकत होती आणि सातवीतली अलफिया एकटी मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळून देत होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा.

शिक्षण संपल्यावर तिने खामगावात मिल्कशेकचं दुकान काढलं. साखर अजिबात नाही. गोडवा खजुराचा आणि पिकल्या केळ्याचा. गिऱ्हाईक एक घोट घेऊन साखर मागे, ही देत नसे. शेवटी तिचे वडील फारुखभाई म्हणाले, "ईदपर्यंत पाहतो बेटा. नाही चाललं तं साखर टाक, नाही तं कुलूप लाव."

रमजान लागला आणि दिवसा दुकान ओस पडलं. मग एका संध्याकाळी तिने वडिलांबरोबर खजूर-शेकचं मोठं पातेलं मशिदीत पाठवलं. दिवसभराच्या रिकाम्या पोटाला तो थंड, हलका शेक फार मानवला. दुसऱ्या दिवशी रोजा सोडायच्या अजानीच्या कितीतरी आधी लोक घरून किटल्या घेऊन दुकानापुढे उभे होते. त्यातल्या एका तरुणाने साखर मागितली, तर गल्ल्यावरून फारुखभाईच कडाडले, "साखर पाहिजे तं समोर चहावाल्याकडं जाय बे! माह्या पोरीकडं नाही भेटत." रांग खळखळून हसली.

अलफियाचं दुसरं दुकान आता मलकापूरला आहे.