तात्यांनी सांगितलं नाही

बबनतात्या माणसाच्या तोंडाआधी त्याचं कापड पाहत. पॅकहाऊसमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी माझ्या नव्या साडीकडे लांबून नजर टाकून ते म्हणाले, "ताई, ह्यात सुताचा एक धागा न्हाई. उन्हाळ्यात लई तापंल." तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मी निरगुडसरहून नारायणगावात सासरी आले होते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची कागदपत्रं तयार करायची, अशी माझी नोकरी. तात्या तिथे मुकादम होते. चाळीस बायका टेबलांपाशी उभ्या राहून बारीक कात्रीने घडातले खराब मणी काढत, त्यांच्यावर तात्यांची देखरेख.

तात्या डिंगोऱ्याचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि वीस वर्षं एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. मग संप झाला, तो मिटता मिटेना, आणि शेवटी गिरणीच बंद पडली. तात्या गावी परतले ते एक प्रश्न घेऊन. गिरणी नेमकी कशाने बंद पडली?

हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिला होता. बाजारपेठेतल्या मारवाडी कापडदुकानदाराने स्वस्त पॉवरलूमचं कारण दिलं, जुन्या युनियनवाल्याने मालकांना दोष दिला, आणि त्यांचा मेहुणा म्हणायचा, तुमच्या संपानेच. तात्या म्हणत, "समदी खरंच बोलत्यात ताई. पर पुरं कुणाचंच न्हाई."

मला अर्थशास्त्र होतं, हे कळल्यावर त्यांनी मलाही धरलं. मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं: इंग्लंडातली यंत्रं, तिकडून आलेलं गिरणीचं कापड, उपाशी पडलेले आपले विणकर. तात्यांनी डबा खाता खाता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आदी तिकडच्या यंत्रानं आपला विणकर बसला. मग तीच यंत्रं आपण हितं आनली, त्यावर माझं घर चाललं. मग ती बी थांबली. आता आपली द्राक्षं तिकडं चालल्यात. मग ह्यात जिकलं कोन?"

एवढं शिकून हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्या मार्चमध्ये माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासनीस आला. उंच, घामाघूम, सभ्य माणूस. टेबलांवरून फिरताना तो एकदम थांबला आणि बायकांच्या हातांकडे बोट दाखवून मालकांशी इंग्रजीत बोलू लागला. काचेच्या बांगड्या चालणार नाहीत. एखादी फुटली आणि तुकडा खोक्यात गेला तर? बांगड्या उतरल्याशिवाय आजचा माल तो पास करणार नव्हता.

बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या. बाहेर थंड कंटेनरचं यंत्र घरघरत होतं. मालक तात्यांना म्हणाले, "तात्या, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

हिराबाई तात्यांच्याच गावची, हाताला सगळ्यांत चलाख. तीही म्हणाली, "तात्या, तुमीच सांगा. उतरवायच्या का घरी जायचं?"

तात्या तपासनिसाकडे वळले. मग मला म्हणाले, "ताई, त्याला इचारा, काचंचं एवढं का?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "एखाद्या लहान मुलाच्या तोंडात गेली तर?" तात्यांनी मान हलवली. "बरुबर हाय त्याचं. आता त्याला सांगा, आमच्यात बाईच्या बांगड्या कवा उतरत्यात ते."

मी सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने दोनदा माफी मागितली. पण नियम त्याचा नव्हता. तोडला तर त्याची नोकरी जाणार होती.

"म्हंजी ह्याच्या बी हातात काय न्हाई," तात्या पुटपुटले. मग ते बायकांकडे वळले. "गिरणीत सायबानं असंच बोलावून इचारलं व्हतं, संपात हाईस का? मी लगीच हात वर केला. लई खात्री व्हती तवा. आज न्हाई. मला खरंच ठावं न्हाई, बायांनो. जिला उतरवायच्या तिनं उतरवा. जिला न्हाई, तिची कात्री मी धरतो."

सगळ्यांत आधी मी उतरवल्या. का, ते आजही सांगता येत नाही. मला तर कागदांचंच काम होतं, कुणी मला सांगितलंही नव्हतं. साबण लावून काढताना एक फुटली. तात्यांनी खाली बसून तिचे तुकडे वेचले. मग एकेक करत बाकीच्या नळाकडे गेल्या. हिराबाई गेली नाही. तिने पदर खोचला आणि घरची वाट धरली. तिच्या जागी तात्या संध्याकाळपर्यंत मणी कापत राहिले.

पुढच्या हंगामात हिराबाईला बोलावणं गेलं नाही. तात्यांनी दोनदा मालकांकडे शब्द टाकला, मग तेही यायचे थांबले. कधी बाजारात भेटले की विचारत, "ताई, त्या दिवशी म्या काय सांगायला पायजे व्हतं?" मी एकदा म्हटलं, उतरवा म्हणायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला म्हटलं, नको म्हणायला हवं होतं. दोन्ही वेळा ते "असंल" म्हणाले.

काही वर्षांनी तात्या गेले. दहाव्याला मी डिंगोऱ्याला गेले. गर्दीत हिराबाई भेटली. आता ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होती, हात काळवंडले होते. मी तिला सांगितलं, तात्यांना शेवटपर्यंत तुझंच लागून राहिलं होतं. त्यांनी काही सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटायचं.

हिराबाईने डोळे पुसले.

"न्हाई सांगितलं तेच बरं झालं, ताई," ती म्हणाली. "तात्यांनी उतरव म्हणलं असतं, तर म्या उतरवल्या असत्या."