पत्र्याआडचं पाणी

चादरीवाल्या काकूंचं घर गावाच्या अगदी कडेला, नदीच्या काठावर. अंगण संपलं की पाणी, आणि समोरच्या वळणावर पात्रात घुसलेला उंच कडा. लॉजच्या न् दवाखान्याच्या चादरी धुऊन काकूंनी संसार ओढला होता. काका नावाडी. पूल झाला तशी नाव बंद पडली, पण माणूस काही पाण्यापासून सुटला नाही. मग लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून काकू रोज सकाळी त्यांना धरून धरून अंगणातल्या खाटेवर आणून बसवायच्या. पाणी चढलं की काका डावा हात वर करायचे, ओसरलं की खाली. एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं, आणि काकूंना ते पुरत होतं.

महामार्ग गावाबाहेरून गेला आणि पेठेतल्या दुकानदारांवर माश्या मारायची पाळी आली. काकूंच्या जावयांचं पेठेत कापडाचं दुकान. माणूस बोलका, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच पुढे केलं. कड्यावरून नदीचं वळण फार सुरेख दिसतं, तिथे बसायची सोय झाली तर माणसं येतील, असा त्यांनी ध्यास घेतला. हात धुऊन ते नगरपालिकेच्या मागे लागले आणि एकदाचा पॉइंट उभा राहिला. फरशी, बाकं, दिवे, कठडा, वर एक दुर्बीणसुद्धा.

आणि माणसं खरंच आली! नदी बघून पेठेत उतरू लागली.

"आई, दुकानात एक टोपी शिल्लक नाही बघ," लेक हसत सांगायची. किती दिवसांनी ती अशी हसत होती. लॉज भरलं, काकूंकडे येणारे गठ्ठेही वाढले.

एका सकाळी काकू उन्हात काकांचं अंग पुसत होत्या. कमरेला पंचा तेवढा. वरून हसण्याचा आवाज आला. काकूंनी मान वर केली तर कठड्यावर डोक्यांची रांग, आणि दुर्बिणीचं तोंड सरळ अंगणाकडे. त्यांनी हाताशी होती ती ओली चादर काकांवर टाकली. चादरीखाली काका थरथरत राहिले. थंडीनं की कशानं, कोण जाणे.

जावई ऐकून खजील झाले. "आई, शप्पथ, माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

"तुमचा दोष नाही. पण आता करायचं काय?"

काकूंनी आडोशाला चादरी वाळत घातल्या, तर नगरपालिकेचा माणूस दारात हजर. "काकू, वरून धुणं दिसतं. पॉइंटची शोभा जाते."

"अहो, मग माझं घर कुठे नेऊ?"

शेवटी जावयांनीच खटपट करून अंगणाच्या कडेनं पत्रा मारून घेतला. कडा उंच, म्हणून पत्राही उंच. बाहेरून त्याला हिरवा रंग दिला, वर एक नाव रंगवली. लोकांना ती नाव फार आवडली. आतून मात्र नुसता पत्रा, नदी त्याच्या आड. काका खाटेवर बसून त्याच्याकडे बघत राहायचे. मग डाव्या हातानं तो दाखवायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे.

"अहो, लोक बघतात म्हणून लावलाय," काकू समजावायच्या. हात पुन्हा तिकडेच जायचा.

"बाबांना वरच नेऊ या की," लेक म्हणाली. जावई आणि शेजारचा भांडीवाला, दोघांनी खुर्चीसकट काकांना पायऱ्या चढवल्या. गर्दीनं बाजूला होऊन वाट दिली. एका बाईनं तर रुमालानं कठडा पुसला. जावयांनी खुर्ची अगदी पुढे नेली.

काका बघत राहिले. इतक्या उंचावरून नदी एखाद्या चित्रासारखी जागच्या जागी थबकलेली. ना ओढ दिसे, ना काठाशी खेळणारं पाणी. डावा हात जरासा उचलला गेला, मधेच थांबला आणि मांडीवर पडला. चढलंय की ओसरलंय, सगळं आयुष्य पाण्यात काढलेल्या माणसाला उमजेना. त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बाबा, छान दिसतंय ना?" लेकीनं विचारलं.

त्यानंतर काकांनी अंगणात यायचं सोडलं. काकू उठवायला गेल्या की अंग जड करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एकदा काकूंनी जावयांकडे विषय काढला, "पत्रा काढला तर?"

"काढतो की. तुम्ही म्हणाल तेव्हा. पण वरची माणसं, आई?"

वरच्या माणसांवर लेकीचं घर उभं होतं, आणि आता काकूंचंही. राग धरावा तर कुणावर?

लॉजचा माणूस गठ्ठा घेऊन दारात आला. "काकू, सुट्ट्या लागल्यात. जरा लवकर होतील का?"

"ठेव तिथे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी नळ सोडला.