अप्पांचा कंप्युटर, पासवर्ड माझा

माझं लग्न जमावं म्हणून माझा लॅपटॉप फॉरमॅट केला गेला. हसू नका. नायगावात, आमच्याच घरात, माझ्या जन्मदात्यानं, अप्पांनी, हे केलं, आणि मी अजून माफ केलेलं नाही.

त्याआधी लातूरचे पाहुणे मला बघून गेले होते. मुलगा इंजिनिअर. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाला, "मुलीला कंप्युटर येतं म्हणता, दाखवा की." मी लॅपटॉप पुढं ठेवला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. साहेब कोपऱ्यात स्टार्टचं बटण शोधून राहिले, सापडेना. मग कुठला तरी गेम टाकायला गेले, तर पासवर्ड विचारणारी खिडकी आली. "हे काय, उठसूट अडवतंय!"

झालं, मी उत्साहानं सांगत सुटले. विंडोजचं म्हणणं, तुम्हाला त्रास नको, बरंच काही आम्हीच ठरवतो; अपडेटसुद्धा आमचं आम्ही लावून घेतो. लिनक्सचं म्हणणं, मशीन तुमचं, तर तुम्हीच ठरवा. फक्त मशीनच्या मुळाला हात लावायचा तर मालकाला विचारा, त्यासाठीच तो पासवर्ड, आणि चुकलात तर तुमचं तुम्ही निस्तरा. मुलाची आत्या तोंडाला पदर लावून हसली. मुलगा लालबुंद. नंतर निरोप आला, मुलगी लई बोलते.

अप्पांचं खत-बियाण्याचं दुकान, गावात मान. ते माझ्याशी बोलेनात. पुढचे पाहुणे यायच्या आधी, मी परीक्षेला नांदेडला गेले असताना, त्यांनी लॅपटॉप उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडं नेला. म्हणाले, "चारचौघांसारखं विंडोज टाकून दे." त्या भल्या माणसानं सगळं साफ पुसलं. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, भाव गोळा करून दाखवणारा माझा प्रोग्रामही गेला. पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतीत मी तोच दाखवणार होते. बॅकअप म्हणाल तर होता ना, त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या कप्प्यात!

मी घर डोक्यावर घेतलं. अप्पा म्हणाले, "येवढं काय झालं? नवीनच तर करून आणलं." आई म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. सोड." मी सोडलं नाही. पुण्याहून हात हलवत परत आले. पुढं लातूरला कॉलेजात कंप्युटर लॅब सांभाळायची नोकरी लागली, लग्नही माझ्या मर्जीनं केलं. पण जळजळ गेली नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गेल्या वर्षी अप्पांना दुकानासाठी कंप्युटर हवा झाला. "तूच बसवून दे, माय." हाव, म्हटलं, देते की! चांगलं मशीन घेतलं आणि लिनक्स टाकलं. अप्पांचं खातं साधं: बिलं करा, छापा, भजनं ऐका. मालकीचं खातं माझं, त्याचा पासवर्ड माझ्या डोक्यात.

मग सुरू झाले फोन. काही नवीन टाकायचं, पासवर्ड. घड्याळाची वेळ चुकली, पासवर्ड. मी म्हणायची, "लॅबमध्ये हाय, संध्याकाळी बघू." संध्याकाळी फोन उचलायचीच नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं हे आईकडून कळलं की मला जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

परवा नवा प्रिंटर आला. अप्पांचा फोन. मी म्हटलं, "न्या की दुरुस्तीवाल्याकडं."

"नेलतं. पुसूनच टाकावं लागंल म्हणला. माझं वरसाचं काम हाय त्यात. तसंच परत आणलं."

  दुकानात कुणीतरी युरियाचं विचारत होतं, ते मला फोनवर ऐकू येत होतं.

"तुझंबी असंच गेलं असंल तव्हा," अप्पा म्हणाले.

"काय गेलं?" मी मुद्दामच विचारलं.

 मग खालच्या आवाजात, "चुकलं माझं."

मला लख्ख ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "ऐकू येत न्हाई अप्पा, मोठ्यानं बोला."

"गिऱ्हाईक हाय गं समोर."

"असू द्या."

आणि माझा बाप भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत ओरडून म्हणाला, "चुकलं माझं! तुला न इचारता हात लावायला नको होता."

लई बरं वाटलं. पासवर्ड तरीही सांगितला नाही.